खेळाची उपजीविका

मुलगा संध्याकाळीं दोन तास खेळला तर प्रकृतीस बरें, असें आपण सारेच म्हणतों. परंतु तोच मुलगा 'खेळावरच संसार करीन' असें म्हणूं लागला, म्हणजे घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते. ही काळजी अगदींच अनाठायीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ती कोठें खरी आणि कोठें खोटी, हें पाहण्यास पुण्याचे व्यावसायिक गोल्फपटू उदयन माने यांचें उदाहरण उपयोगी पडेल.

गोल्फ हा खेळ आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा आहे. विस्तीर्ण हिरवळीवर अठरा खळगे असतात. काठीनें चेंडू टोलवीत तो एकामागून एक त्या खळग्यांत घालावयाचा, आणि ज्याचे फटके सर्वांत कमी तो विजयी. नियम एवढाच, पण त्यावर पोट भरणें मात्र सोपें नाहीं.

नोकरदारास पहिल्या तारखेस पगार मिळतो. गोल्फपटूस तो नाहीं. चार दिवसांच्या स्पर्धेंत बहुधा पहिल्या दोन दिवसांनंतर छाटणी होते आणि खालच्या क्रमांकाचे खेळाडू घरीं जातात. त्यांना त्या आठवड्याची दमडीही मिळत नाहीं; उलट प्रवास, मुक्काम आणि काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीची मजुरी हा खर्च अंगावर पडतो. एखाद्या व्यापाऱ्यानें दर आठवड्यास नवें दुकान मांडावें, तसाच हा प्रकार आहे.

माने यांनीं हौशी खेळाडू म्हणून भारताच्या संघांतून खेळल्यावर हा मार्ग पत्करला आणि देशांतील व्यावसायिक मालिकेंत अनेक विजय मिळविले. पण त्यांच्या आयुष्यांतील मोठा प्रसंग आला तो दुसऱ्याच्या माघारीमुळें. टोकियोच्या ऑलिंपिकांत पुरुषांच्या गोल्फमध्यें साठच जणांस जागा होती, आणि जागतिक क्रमवारीवरून निवड झाली तेव्हां माने राखीव यादींत राहिले. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रीयो यांनीं नांव मागें घेतलें, आणि जुलै २०२१ च्या आरंभीं ती जागा माने यांच्याकडे आली. स्पर्धा २९ जुलैस सुरू व्हावयाची होती. हातीं जेमतेम तीन आठवडे!

पहिल्या दिवशीं त्यांना ७६ फटके लागले, म्हणजे ठरीव संख्येपेक्षां पांच अधिक. त्यांनीं धीर सोडला नाहीं. पुढचे दिवस ते अधिक चांगले खेळले आणि अखेर छपन्नावे आले. हा क्रमांक वृत्तपत्रांच्या ठळक मथळ्याचा नव्हे. पण संधीनें दार ठोठावलें त्या वेळीं ते तयार होते, हें आम्हांस त्या क्रमांकाहून मोठें वाटतें. तयारी नसणाऱ्यास नशीबही काय देणार?

याच मैदानावर थोड्याच दिवसांनीं बंगळूरच्या अदिति अशोक चवथ्या आल्या. पदक अवघ्या एका फटक्यानें हुकलें. त्यांची पिशवी वाहण्याचें काम त्यांच्या मातोश्रींनीं केलें. मुलीच्या खेळांत आई अशी सहभागी होते, हें आपल्या घरांतील स्त्रियांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें. आणि हा केवळ श्रीमंतांचा खेळ आहे असेंही नाहीं; दिल्लीच्या मैदानावर कॅडीचें काम करून वाढलेल्या अली शेर यांनीं १९९१ सालीं इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली, आणि १९९३ सालीं पुनः जिंकली.

तरीही साधनांचा प्रश्न उरतोच. परभणी जिल्ह्यांत जिंतूर तालुक्यांत येलदरी आहे. तेथें पूर्णा नदीवर १९६८ सालीं मोठें धरण पुरें झालें. त्या पाण्याची वाट शेतें पाहतात. हिरवळ भिजविण्यास तें मागण्याचें धाडस कोण करील? येलदरीच्या मुलानें गोल्फपटू होण्याचें मनांत आणलें, तर त्यास गांव सोडून दूरच्या शहरांत राहावें लागेल, आणि तो भार घरानेंच उचलावा लागेल. एकत्र कुटुंबास हें काम जितकें साधतें तितकें एकट्या पित्यास साधत नाहीं. एका काकाचा पगार, एका आत्याचें शहरांतील घर, आजोबांचा धीर, हीं सारी त्या मुलाची पुंजीच होय.

म्हणून वडिलांस आमचें सांगणें एवढेंच. मुलास लगेच 'नाहीं' म्हणूं नका; पण आंधळेपणानें 'होय'ही म्हणूं नका. शिक्षण चालू ठेवून कांहीं वर्षांची मुदत ठरवा, खर्चाचा हिशेब त्याच्यासमोर मांडा, आणि मुदत सरल्यावर त्याच्यासह बसून निर्णय करा. उपजीविका कोणतीही असो, ती निवडण्याआधीं तिची किंमत ठाऊक असलेली बरी.