रुईच्या पानावरची शाळा

अळी म्हटले की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. कपाशीचे बोंड पोखरते ती अळी. २०१८ पासून मक्याच्या पोंग्यात शिरू लागली ती लष्करी अळी. श्रीगोंद्याच्या लिंबोणीची कोवळी पालवी फस्त करते तीही अळीच. अशा घरातले चार वर्षांचे पोर अळी दिसताच तिच्यावर चप्पल उगारते, यात त्याचा काय दोष? त्याच पोराला अंगणवाडीत तक्त्यावरचे फुलपाखरू दाखवून आपण टाळ्या पिटायला सांगतो. चिरडलेली अळी आणि हे फुलपाखरू एकच, हे नुसते सांगून त्याला कळत नाही. ते खेळावे लागते आणि डोळ्यांनी पाहावे लागते.

खेळाला पैसा लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी पाने, बिया, शिंपले आणि माती यांनाच साधने केले. तीच वाट आपल्यालाही मोकळी आहे. साबुदाण्याचा दाणा म्हणजे अंडे, ओल्या मातीच्या गोळ्यांची माळ म्हणजे अळी, भुईमुगाचे टरफल म्हणजे कोश आणि पिंपळाची दोन पाने म्हणजे पंख! मुलांनी एकमेकांचे सदरे धरून रांगेत सरपटावे, मग गोधडीत गुरफटून गप्प पडावे. चार वर्षांच्या मुलाला गप्प पडणेच सर्वांत अवघड. पण कोशाचा धडा तोच आहे.

यानंतर खरी अळी दाखवावी. त्यासाठी बांधावरची रुई पुरेशी आहे. तिच्या पानावर काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेली अळी सापडते, ती बिबळ्या कडवा या फुलपाखराची. अंड्यातून निघताच ती आधी त्याचे कवच खाते, मग पाने. वाढताना चारदा कात टाकते. रुईतले विष तिच्या अंगात साठते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. अंड्यापासून नारिंगी पंखांपर्यंतचा हा प्रवास साधारण महिनाभरात पुरा होतो.

बरणीच्या तोंडाला मलमलीचे फडके बांधून तीत अळी ठेवावी आणि रोज ताजे पान घालावे. पान मात्र मोठ्यांनीच तोडावे, कारण रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो. केसाळ सुरवंटाला कुणीच हात लावू नये. त्याने खाज सुटते, सूज येते. फुलपाखरू बाहेर आले की पंख वाळेपर्यंत थांबावे आणि त्याला सोडून द्यावे.

ही वाट पाहणे हेच खरे शिक्षण. आजच्या मुलाला बोट लावताच चित्र हलवणारा मोबाईल ठाऊक आहे. कोश मात्र बोट लावून उघडत नाही. उघडलाच, तर आतला जीव मरतो.

पिकावरची अळी वेचावीच लागेल, त्यात पोटाचा प्रश्न आहे. पण रुईवरची अळी पिकाचे काही खात नाही. कोणती वेचायची आणि कोणती राहू द्यायची, एवढा विवेक अंगणवाडीतून निघालेल्या मुलाजवळ असला, तर उद्याचा शेतकरी शहाणा होईल. तेव्हा येत्या पावसाळ्यात बांधावरची सगळीच रुई उपटू नका. एखादे झुडूप नातवंडांसाठी राखा.