नरकाला मुदत असावी काय?

सन १८४३ मध्ये मुंबईतील एका ब्राह्मण कुटुंबातले दोन भाऊ दोन निरनिराळ्या वाटांनी गेले. थोरले नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनऱ्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत, वय सुमारे बारा वर्षांचे, मिशनऱ्यांच्या आश्रयास जाऊन राहिला होता; परंतु प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन तो आईबापांच्या ताब्यात दिला गेला. त्याला पुन्हा पंक्तीस घ्यावे की न घ्यावे, यावर ब्रह्मवृंदात मोठे रण माजले आणि ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करून त्या मुलाच्या शुद्धीची बाजू उचलून धरली. नारायणराव पुढे आमच्या जालन्यास आले, आणि सर सालारजंगांच्या दिवाणगिरीत मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. तेथे येऊन राहिलेल्यांत गावकुसाबाहेरच्या माणसांचा भरणा मोठा होता.

ज्या स्कॉटिश चर्चने त्यांना पदरात घेतले त्याचे मत सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकारात स्पष्ट नमूद आहे: जो ख्रिस्ती नाही त्याने निसर्गदत्त विवेकाच्या प्रकाशात आपले आयुष्य कितीही निष्ठेने घालविले तरी त्याचा उद्धार नाही, आणि अंतिम न्यायानंतर दुष्टांना मिळणाऱ्या यातनांना अंत नाही. हे मत अक्षरशः लागू करावयाचे तर शेषाद्रींच्या घरातील थोरल्याला अक्षय स्वर्ग आणि आईबापांकडे परतलेल्या धाकट्याला, तो पुढे कितीही सज्जनपणे जगला तरी, अक्षय नरक, असा फैसला निघतो.

या सिद्धांताची बाजू पुरती ऐकून घेतल्याशिवाय त्यास अन्यायी ठरविणे हाही अन्यायच होईल. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने अशी उपपत्ती मांडली की, अपराधाची गुरुता ज्याचा अपराध केला त्याच्या थोरवीवरही अवलंबून असते, आणि ईश्वर अनंत असल्यामुळे त्याच्याविरुद्ध केलेल्या पापाची शिक्षाही अनंत असावयास हवी. मला ही उपपत्ती पटत नाही. कारण ज्याचा अपराध झाला त्याची थोरवी पाहावयाची तर ज्याने तो केला त्याची अल्पताही पाहिली पाहिजे, आणि साठ-सत्तर वर्षांच्या, अज्ञानाने व भुकेने वेढलेल्या आयुष्यात अनंत शिक्षेला पात्र होण्याइतकी समज मर्त्य मनुष्यास येते असे म्हणवत नाही. आपल्या पुराणांतले नरक भयंकर आहेत; भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरकांची वर्णने आहेत आणि त्यांतली काही वाचताना अंगावर काटा येतो. परंतु भोग सरला की जीव तेथून सुटतो. अर्थात आपल्याकडे सर्वत्र ही उदारता आहे असे समजून कोणी फुशारकी मारू नये, कारण मध्वाचार्यांच्या मतातही काही जीवांना कायमचा अंधतमस सांगितला आहेच.

खरा पेच अग्नीचा नाही, पूर्वजांचा आहे. ज्यांचे शव आज जुन्या गोव्यात दर्शनासाठी जपून ठेवले आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांनी जपानातून परतल्यावर १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून जे पत्र धाडले, त्यात तेथील नवख्रिस्ती लोकांचा आकांत नोंदलेला आहे. आमचे वाडवडील नरकात असतील तर त्यांना सोडविण्याचे सामर्थ्य देवाला नाही काय, असे ते विचारीत. सुटका नाही हे उत्तर ऐकून रडत. आणि त्यांचे रडणे पाहून झेवियर यांनाही दुःख होई. हा प्रश्न गोदाकाठी राहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. भाद्रपदाच्या वद्य पक्षात येथे शहागडास नदीच्या पाण्यात उभा राहून मनुष्य तीळ मिसळलेले पाणी अंगठा व तर्जनी यांच्या मधून सोडतो. बाप, आजा, पणजा, आईकडची पिढी यांची नावे घेऊन झाली की जे निपुत्रिक गेले, ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही, त्यांच्याही नावे तो एक ओंजळ सोडतो. आपले पूर्वज आपल्या दयेच्या पलीकडे गेले आहेत हे त्याला कोणत्या न्यायाने पटवावे?

तथापि नरकाची कल्पनाच काढून टाका, असे मी म्हणणार नाही. ज्याच्या पाठीवर वेठबिगारीचे वळ उठले, ज्याची फिर्याद कोणत्याही कचेरीत दाखल झाली नाही, त्याला लाच न घेणारे एक न्यायासन कोठेतरी आहे आणि तेथे जुलमी मनुष्याला जाब द्यावा लागेल, ही श्रद्धा केवळ भीतीची नव्हे, धीराचीही असते. बेथेलच्या माणसांनी ती शिकवण ऐकली असेल तेव्हा सवर्ण शास्त्र्यांहून निराळ्या कानांनी ऐकली असेल, असे मला वाटते.

ख्रिस्ती परंपरेतही या प्रश्नावर एकमत कधीच नव्हते. तिसऱ्या शतकातील ऑरिजेनला आणि चौथ्या शतकातील निस्साच्या ग्रेगरीला शेवटी सर्व जीवांच्या शुद्धीची आशा होती. ऑगस्टीनने तिचे खंडन केले आणि पश्चिमेत त्याचेच मत रूढ झाले. एफ. डी. मॉरिस यांनी अनंत शिक्षेविषयी शंका घेतली म्हणून १८५३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातील त्यांचे अध्यापकपद गेले. कॅथलिक चर्चने मात्र १९६४ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, स्वतःच्या दोषावाचून ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे सद्बुद्धीने ईश्वराचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते असे जाहीर केले. जपानातले ते लोक रडले त्याला तोवर चारशे वर्षे उलटून गेली होती.

शिक्षेचा हेतू सुधारणा असो, पीडितास दाद देणे असो वा इतरांस धाक घालणे असो, न्यायाचा निकाल लागून गेल्यानंतर निरंतर चालणाऱ्या यातनेने यांतला एकही हेतू साधत नाही. म्हणून जाब घेणारा नरक मला न्याय्य वाटतो. आणि ज्याला मुदत नाही, किंवा जो न ऐकलेल्या शुभवर्तमानाबद्दल माणसाला धरतो, तो वाटत नाही.