जोतीराव फुले ह्यांचा 'निर्मिक' : व्यक्तिगत ईश्वरनिष्ठा आणि गृहसंस्कार

धर्मग्रंथ, पुरोहित, विधी आणि अनुयायांचा समुदाय ही संघटित धर्माची चार प्रमुख अंगे होत. ह्या चारही अंगांविषयी ज्याच्या मनात संशय उत्पन्न झाला, परंतु ईश्वराच्या अस्तित्वाविषयी मात्र झाला नाही, अशा मनुष्याच्या श्रद्धेचे स्वरूप काय असावे, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना नवीन नाही. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात तो ग्रंथांच्या पानांतून उठून घराच्या उंबरठ्यापर्यंत आला. एकांतात एका ईश्वराचे चिंतन करणाऱ्यास कोणी अडवीत नव्हते. अडचण येत होती ती घरात लग्न निघाले किंवा मृत्यू घडला म्हणजे. जोतीराव फुले ह्यांच्या 'निर्मिका'चे वेगळेपण समजण्यास हीच अडचण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

ह्या दिशेने झालेला पहिला उल्लेखनीय प्रयत्न म्हणजे 1849 साली मुंबईत स्थापन झालेली परमहंस सभा. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे प्रमुख प्रेरक होते. ईश्वर एक आहे आणि जातिभेद मनुष्यकृत आहे, ही तिची तत्त्वे. सभासद गुप्तपणे एकत्र जमत, प्रार्थना करीत आणि परजातीच्या हातचे अन्न खाऊन आपली निष्ठा सिद्ध करीत. परंतु ही सिद्धता बंद दाराआड होती. 1860 च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विस्कळीत झाली. जी श्रद्धा शेजाऱ्यास कळताच टिकत नाही ती खोटी असते असे नव्हे. परंतु तिला जगण्यास जागा मिळालेली नसते, एवढे निश्चित.

1867 साली आत्माराम पांडुरंग प्रभृतींनी स्थापन केलेल्या प्रार्थनासमाजाने ही गुप्तता टाकून दिली. एकेश्वरी उपासना उघडपणे होऊ लागली. तथापि उपासनामंदिरातील मत आणि घरातील आचार ह्यांतील अंतर तेथेही पुरते बुजले नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांच्यासारख्या थोर विचारवंताचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. 1873 साली प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती; पण वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. पुढे 1890 च्या पुण्यातील पंचहौद मिशनमधील चहापानाच्या प्रकरणात त्यांनी 1892 साली प्रायश्चित्तही घेतले. ह्यात केवळ मनाचा दुबळेपणा पाहणे अन्यायाचे होईल. आईबाप, भावंडे आणि आप्त ह्यांना न तोडता सुधारणा करावी, अशी रानड्यांची धारणा होती. तरीसुद्धा ह्या प्रसंगांवरून एक गोष्ट स्पष्ट होते : ईश्वरविषयक मत व्यक्तीचे असले, तरी संस्कार कुटुंबाचे असतात आणि त्यांच्या किल्ल्या दुसऱ्याच्याच हाती असतात.

त्याच 1873 साली, 24 सप्टेंबर रोजी, जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. मिशनरी शाळेत शिकलेल्या जोतीरावांवर टॉमस पेन ह्याच्या विचारांचा ठसा उमटला होता. निर्माणकर्ता मानावा, परंतु त्याने अमुकच ग्रंथ धाडला हा दावा मानू नये, ही पेनची भूमिका होती. जोतीरावांनी ईश्वरासाठी 'निर्मिक' हा शब्द योजला, तोही हेतुपूर्वक. ह्या शब्दात निर्मितीखेरीज दुसरा गुण सांगितलेला नाही. त्यास मूर्ती नाही, अवतार नाही, क्षेत्र नाही. म्हणून त्याचा कोणी मक्तेदारही नाही.

1888 साली पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर, 1891 साली, ते प्रसिद्ध झाले. पुस्तक संवादरूप असून त्यातील युक्तिवाद साधा आहे. ज्याने सर्व काही निर्माण केले त्यास मनुष्याकडून फुलांची वा नैवेद्याची गरज असणे संभवत नाही. कर्तव्य सोडून केलेले नामस्मरणही त्यास नको. त्याने निर्मिलेल्या सर्व स्त्रीपुरुषांशी सत्याने वागणे हीच त्याची उपासना. कोणत्याही एका धर्मपुस्तकात समग्र सत्य नाही, हे मत मांडून जोतीरावांनी एका कुटुंबाचे चित्र उभे केले आहे : त्यात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी असला, तरी सर्वांनी परस्परांचा द्वेष न करता एकाच घरात गोडीने नांदावे.

ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, पूजा, स्वर्ग, पाप, पुण्य ह्या विषयांबरोबर जन्म, लग्न, प्रेताची गती आणि श्राद्ध ह्यांचाही विचार ह्या पुस्तकात आहे. परमहंस सभेने जी जागा रिकामी ठेवली होती तीच नेमकी जोतीरावांनी भरली. 25 डिसेंबर 1873 रोजी पहिला सत्यशोधक विवाह ब्राह्मण पुरोहितावाचून पार पडला. 1887 साली मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका छापण्यात आली. मंगलाष्टके मराठीत असल्याने ती वधूवरांस समजत. शिवाय त्यांत वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलते आणि वर तिला वचन देतो. ज्या शेतकऱ्यास दक्षिणेसाठी कर्ज काढावे लागे, त्याच्या दृष्टीने निर्मिकाची कल्पना ही केवळ तात्त्विक राहिली नाही.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, नियम, विधी आणि समाज ही सर्व आली म्हणजे हाही एक संघटित धर्मच झाला. आक्षेपात तथ्य आहे. जोतीरावांनी स्वतः 'धर्म' हाच शब्द वापरला. परंतु त्यांनी विधी ठेवला तरी विधीचा अधिकारी वर्ग ठेवला नाही, आणि पुस्तक लिहिले तरी ते ईश्वरप्रणीत असल्याचा दावा केला नाही. हा फरक टिकवणे किती कठीण असते ह्याची साक्ष पुढील इतिहास देतो. 1920 साली कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी ब्राह्मणेतरांसाठी 'क्षात्रजगद्गुरू' हे पीठ निर्माण केले. त्यामागे ब्राह्मण गुरूंचे वर्चस्व मोडण्याचा उद्देश होता, हे खरे. तरी त्यामुळे मध्यस्थ बदलला, मध्यस्थाचे स्थान मात्र कायम राहिले.

व्यक्तिगत श्रद्धेचा विचार करताना ती किती उत्कट आहे, हे बहुधा विचारले जाते. वरील तिन्ही प्रयत्न ध्यानी घेता दुसरा प्रश्नही तितकाच आवश्यक ठरतो : त्या श्रद्धेपाशी मुलीच्या लग्नात म्हणावयाचे शब्द आहेत काय, आणि वडिलांच्या प्रेतापाशी उभे राहण्याची रीत आहे काय? ज्या निष्ठेपाशी ह्या प्रश्नांचे उत्तर नसते, तिला त्या दोन दिवशी तरी जुन्याच दाराशी जावे लागते. जोतीरावांनी हे ओळखले होते. म्हणूनच त्यांच्या पुस्तकात 'निर्मिक' ह्या विषयाच्या सोबतीला 'लग्न' हा विषयही आहे.