हयातीचा दाखला घरच्या संगणकावर

केंद्र व राज्य शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकल्यास निवृत्तिवेतन थांबते. १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' सुविधा सुरू झाल्यापासून सातारा-सांगलीतील ज्येष्ठांना हे काम घरच्या संगणकावरही करता येते. मुले पुण्या-मुंबईला असलेल्या घरांत येथे शेजारच्या स्वयंसेवकाचाच आधार. ठसे टिपणारे यंत्र जोडणे, त्याची नोंदणी करणे त्याला जमते. पण उतारवयात बोटांवरील रेषाच पुसट होतात. २०२१ पासून स्मार्टफोनवर चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आहे. मदतनीस कितीही विश्वासू असो, ओटीपी मात्र ज्येष्ठांनी स्वतःच टंकावा, मग वेळ लागला तरी चालेल. शेवटी मिळणारा 'प्रमाण' क्रमांक वहीत टिपून ठेवावा. संकेतस्थळावरून दाखला काढताना तोच लागतो.