मच्छरदाणीचे दोन पदर आणि ‘क्वांटम’ लॉकेट

मागच्या महिन्यात अंबड तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईनं अडीच हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला? ‘क्वांटम’ लॉकेट घ्यायला. गळ्यात घातलं की गुडघे थांबतात, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. मी सहयोगिनी, पण मला हो म्हणता येईना की नाही. क्वांटम म्हणजे काय हे मलाच कुठं ठाऊक होतं? मग हायस्कूलच्या सरांना विचारलं, थोडं वाचलं.

शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. कार्बनचे थरावर थर, एका मिलिमीटरमध्ये सुमारे तीस लाख. 2004 साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव यांनी चक्क चिकटपट्टीनं सोलत एकच थर वेगळा केला. त्याचं नाव ग्राफीन. त्यासाठी 2010 चं नोबेल मिळालं.

वीज म्हणजे इलेक्ट्रॉनांची धाव. इतक्या बारीक जगात इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो, त्या वागण्याचे नियम म्हणजे क्वांटम. त्यानं कुठल्या वाटेनं, किती वेगानं जायचं हे पदार्थाची वीण ठरवते. तांब्याच्या तारेचा स्वभाव बदलायचा तर त्यात दुसरं काही मिसळावं लागतं. ग्राफीनमध्ये मिसळावं लागत नाही, नुसतं फिरवलं तरी चालतं.

आज घरी गेल्यावर मच्छरदाणी बघा. भोकं बहुतेक सहा कोनांची असतात, मधाच्या पोळ्यासारखी. ग्राफीनची वीण अशीच. तिचे दोन पदर उजेडासमोर एकावर एक धरा आणि वरचा किंचित फिरवा. भोकांपेक्षा कितीतरी मोठी नक्षी उमटते, जी कुणी विणलेलीच नाही! कमी फिरवा, नक्षी मोठी होते. जास्त फिरवा, बारीक होते. आपल्याला ती नुसती दिसते, इलेक्ट्रॉनांची मात्र तिच्यामुळं वाट बदलते. दोन थर सुमारे 1.1 अंशानं फिरवले की ते एकदम मंदावतात आणि एकमेकांची दखल घेऊ लागतात. 2018 मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या पाब्लो हारियो-एरेरो यांच्या गटाला दिसलं, की व्होल्टेज कमीजास्त केलं तर असा तुकडा कधी वीज अडवतो, कधी बिनाअडथळा वाहू देतो.

आपल्या मुंबईतही, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मंदार देशमुख यांच्या प्रयोगशाळेत हे काम चालतं. तिथं दोन थरांची एक जोडी दुसऱ्या जोडीवर फिरवून ठेवतात आणि वरून-खालून व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉनांच्या वाटांमधलं अंतर बदलतात. आपण बटण फिरवून रेडिओ लावतो ना, तसंच.

पण बिनाअडथळा वीज वाहते ती उणे 271 अंशांच्या थंडीत. गळ्यातल्या घामात नव्हे. शिवाय डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्यानं अशा लॉकेट-बांगड्यांसारख्या 10 वस्तू वापरू नका असं बजावलं, कारण त्यांत किरणोत्सर्ग सापडला होता.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं, मच्छरदाणीसकट. ताईनं पदर फिरवून पाहिले, हसली. मग म्हणाली, “ते खरं गं बाई, पण गुडघ्याचं काय?”

येत्या बुधवारी आम्ही दोघी ग्रामीण रुग्णालयात जातोय. कर्जाचा अर्ज तिनं अजून मागं घेतलेला नाही.