बावड्याचा घाट आणि गिर्येची गोदी

गगनबावड्यासारख्या डोंगरमाथ्यावरच्या गावी आरमाराविषयी बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु येथून करूळचा घाट उतरला की वैभववाडी, तळेरे करीत वाट विजयदुर्गाला जाते. शिवाय बावडा हे पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठिकाण. आणि त्या घराण्यातील रामचंद्रपंतांच्या नावावर असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचा स्वतंत्र विचार केलेला आहे.

विजयदुर्गापासून वाघोटण खाडीने थोडे आत गेले की गिर्ये येथे जुनी गोदी लागते. लांबी सुमारे ३५५ फूट, रुंदी २२७ फूट. परंपरा तिचा संबंध आंग्र्यांशी जोडते. अशा गोदीची युक्ती साधी, पण शहाणपणाची असते. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यावयाचे. ओहोटीबरोबर पाणी उतरले की त्याचा तळ उघडा पडतो. मग तळावरची कालवे खरवडणे, किड्यांनी पोखरलेल्या फळ्या बदलणे, फटी बुजवणे ही कामे कोरड्यात करता येतात. हे वेळेवर झाले नाही, तर शत्रूची तोफ न लागताही गलबत बुडते.

गलबताला लाकूड हवे. त्याविषयी आज्ञापत्राची शिकवण अशी, की आंबा, फणस ही झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात; त्यांना हात लावू नये. जीर्ण झाड घ्यावयाचेच, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. युद्धाची निकड असतानाही रयतेचा विचार सुटलेला नाही.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी समुद्रातून आणि पेशव्यांच्या फौजेने जमिनीवरून विजयदुर्गाला वेढले. तुळाजी आंग्र्यांचे आरमार तेथेच जळाले. गलबते गेली, खाडीकाठी गोदी उरली.

आज किनाऱ्यावर पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट आवडीने सांगतात. शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, म्हणे. २०२५ साली विजयदुर्ग जागतिक वारसायादीतही गेला. हे योग्यच झाले. परंतु किल्ला पाहून परतणाऱ्यांपैकी गोदीपर्यंत जाणारे किती? लढणाऱ्यांची नावे आपण मुलांना शिकवतो. जहाज तरते ठेवणाऱ्या सुताराची, लोहाराची आठवण त्या दगडांवाचून दुसरीकडे कोठे नाही. पुढल्या खेपेस घाट उतराल, तेव्हा किल्ल्याआधी गिर्येला थांबा आणि ओहोटीची वेळ साधा.