नाव तेच, माप दुसरे

वजनामापांचा कायदा संसदेने १९५६ साली केला आणि एप्रिल १९६२ पासून व्यापारात किलोग्रॅमची वजने सक्तीची झाली. शेर, छटाक, मण तागडीतून उतरले. जुने शब्द मात्र आपल्या जिभेवर राहिले. त्यांपैकी काही शब्द आजही आपला पैसा खातात, तेव्हा त्यांचा थोडा विचार करू.

जुन्या मापांना आपण अडाणी समजू नये. त्यांची रचना दुपटीवर उभी होती. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे पायली. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही राशीचे दोन सारखे वाटे करता येतात. दशमान पद्धतीची सोय कागदावरच्या हिशेबात आहे. तेथे एक शून्य वाढविले की काम भागते.

उणीव होती ती निराळीच. शेर हे वजनही होते आणि धान्याचे मापही. शिवाय सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा असला, तरी गावोगावचा शेर तेवढाच असेल याची हमी नसे. ही हमी मेट्रिक पद्धतीने आपल्याला दिली.

नव्या मापाला जुने नाव चिकटविले की ती हमी आपणच घालवितो. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, आजच्या सराफकट्ट्यावर तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजीच्या जुन्या यादीत दहा तोळे लिहिले असतील, तर ते ११६ ग्रॅमांहून अधिक झाले. वाटणीच्या वेळी कोणी ते १०० ग्रॅम धरले, तर सोळा ग्रॅम सोने कोणाच्या तरी पदरातून गळाले.

जमिनीचेही तसेच आहे. सातबाऱ्यावर हेक्टर व आर असतात. आपण बोलतो एकर आणि गुंठे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आर म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात सुमारे १०७६ चौरस फूट. फरक क्षुल्लक दिसतो. पण चाळीस गुंठ्यांचा एकर चाळीस आर समजून दिला, तर सुमारे ५०० चौरस फूट जमीन हातची जाते. तेवढ्यात एक लहानसे घर उभे राहते.

म्हणून बोलताना आपण तोळा, गुंठा खुशाल म्हणावे. मात्र पावती, वाटणीपत्र किंवा खरेदीखत करताना ग्रॅम आणि चौरस मीटर लिहून घ्यावेत, आणि मगच सही करावी.